कानामागून आलं आणि तिखट झालं

ठाण्यात पावसानं जोर धरला की माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्याच्या जिन्यात छत्र्या निथळत असतात आणि बाकावर कानाला हात लावून बसलेली माणसं असतात. या महिन्यात संपादकांनी दिलेल्या गठ्ठ्यातही कानाचीच पत्रं जास्त निघाली. बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवून ही सहा पत्रं घेते आहे. नावं काढली आहेत.

पत्रं वाचताना एक गोष्ट जाणवली. प्रत्येकानं कानाचा पडदा जपला आहे तो बाहेरून. कापूस लावला, कानटोपी घातली, अंघोळीला कान झाकला. माझ्या २७ वर्षांच्या कामात मात्र पडद्याची मोठी दुखणी मी बहुतेक मागून आलेली पाहिली आहेत, नाकाच्या पाठीमागच्या वाटेनं. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. पडद्याच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे.

पत्र पहिलं

नमस्कार डॉक्टर मॅडम. माझा मुलगा ५ वर्षांचा आहे. चार दिवस सर्दी होती. गुरुवारी रात्री दोनला कान धरून रडत उठला. सासूबाईंनी लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल कानात सोडलं. पहाटे तो शांत झोपला. सकाळी उशीवर पिवळट पाणी आणि रक्ताचा डाग दिसला. आता दुखत नाही म्हणतो, पण टीव्हीचा आवाज वाढवतो. तेलानं पडदा फाटला का? त्याला कायमचं कमी ऐकू येणार का?
– एक आई, कळवा

ताई, पडदा बहुधा फुटला आहे. तेलानं फुटलेला नाही. आणि कायमचं कमी ऐकू येण्याची भीती या टप्प्यावर फार थोडी आहे. जरा सविस्तर सांगते, कारण हे एकदा नीट कळलं की पुढच्या सर्दीला तुम्ही घाबरणार नाही आणि दुर्लक्षही करणार नाही.

माझ्या टेबलाशेजारी एक छोटा स्क्रीन आहे. कानात दुर्बीण घातली की मी आईबापांना पडदा दाखवते. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि थोडा पारदर्शक दिसतो. त्यावर दुर्बिणीच्या प्रकाशाचा एक तिकोनी कवडसा पडतो, उजव्या कानात घड्याळातल्या पाचच्या जागी, डाव्या कानात सातच्या जागी. व्यास ९–१० मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. एवढ्याशा जाडीत तीन थर असतात. बाहेरचा थर कातडीचा, आतला थर नाकाच्या अस्तरासारखा ओलसर, आणि मधला थर चिवट तंतूंचा. हे तंतू काही चाकाच्या आऱ्यांसारखे मधून कडेकडे जातात, काही गोल गोल फिरतात. तबल्याच्या पुडीला ताण असतो तसा पडद्याला ताण या मधल्या थरामुळे येतो.

पडद्याला मागून हातोडी नावाचं हाड चिकटलेलं असतं, तिच्यामागे ऐरण आणि ऐरणीमागे रिकीब. रिकीब हे अंगातलं सगळ्यात छोटं हाड. आवाज हवेतून येतो, पण आतला कान द्रवानं भरलेला आहे. तलावपाळीच्या कठड्याशी उभं राहून कितीही ओरडलं तरी पाण्यातल्या माशापर्यंत फार थोडा आवाज पोचतो, बाकीचा पाण्यावरून परत फिरतो. ही अडचण पडदा सोडवतो. त्याचा हलणारा भाग रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट मोठा आहे. मोठ्या जागेवरचा जोर छोट्या जागेवर एकवटतो. हाडांच्या तरफेची भर धरली तर दाब सुमारे २२ पट वाढतो. म्हणून आपण कुजबूजही ऐकतो.

आता मागची खोली. पडद्याच्या मागे हवेनं भरलेली एक छोटी पोकळी आहे, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिचं अस्तर तिथली हवा सतत थोडी थोडी शोषून घेतं. नवी हवा येते ती एका नळीतून, नाकाच्या मागून. ती युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते, आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते. मोठ्या माणसात ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. बाळात ती जवळजवळ निम्मी आणि बरीचशी आडवी. पडदा मात्र जन्मतःच जवळपास मोठ्या माणसाएवढा असतो. म्हणजे दार मोठ्यांचं आणि खिडकी बाळाची. लहान मुलांचे कान सर्दीत का दुखतात, याचं हे मुख्य कारण.

तुमच्या मुलाची नळी सर्दीनं सुजली, मागच्या खोलीत पू साचला, जागा नसल्यामुळे पडदा बाहेर फुगला. त्या ताणाच्या वेदना म्हणजे रात्री दोनचं रडणं. पहाटे पडद्याला बारीक छिद्र पडलं, पू वाट काढून बाहेर आला आणि ताण सुटल्यामुळे दुखणं थांबलं. तेल घातलं नसतं तरी बहुधा हेच झालं असतं. सासूबाईंना बोल लावू नका, त्यांनी नातवाच्या मायेनं केलं. फक्त यापुढे तेल नको. गरम तेलानं नाजूक कातडी भाजते, पडद्याला छिद्र असेल तर ते आत उतरतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, आणि मला पडदा दिसत नाही तो वेगळाच त्रास. रात्री दुखलं तर वजनाच्या मानानं पॅरासिटामॉल द्या आणि सकाळी दाखवा.

आता काय करायचं? आजच कान दाखवा. वाहत्या कानाला प्रतिजैविक लागतं का आणि कोणतं, हे तपासून ठरतं. दिलं तर पूर्ण द्या. अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवा, नंतर काढून टाका. असं छिद्र बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरतं. ऐकणंही त्यासोबत सुधारतं. पण चार ते सहा आठवड्यांनी पडदा पुन्हा तपासायचा आहे, आणि इथेच आईबाप हमखास चुकतात. दुखत नाही, वाहत नाही, मग कशाला जायचं, असं वाटतं. कधीकधी छिद्र भरतं ते दोनच थरांनी, मधला तंतूंचा थर येत नाही. गोधडीला ठिगळ लावलं पण मधलं अस्तर घालायचं राहून गेलं, तसं होतं. ती जागा पुढे आत ओढली जाऊ शकते. आणि पडदा कडेनं बरा होऊन छिद्र तसंच राहिलं, तर बाहेरची कातडी आणि आतलं अस्तर कडेवर एकमेकांना भेटतात, आणि मग ते छिद्र स्वतःहून भरत नाही.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड एका बाजूला वाकलं, उलट्या झाल्या किंवा मूल गुंगीत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. धाकटं बाळ असेल तर त्याला आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजू नका, घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती घराबाहेर. कान पिकवणाऱ्या एका जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे, ती बाळाला दिली आहे का, हे कार्डावर पाहून घ्या.

पत्र दुसरं

मी ७१ वर्षांचा निवृत्त माणूस. रोज अंघोळीनंतर कानकोरण्यानं कान साफ करण्याची ५० वर्षांची सवय. हल्ली कोरताना खोकला येतो. मित्र म्हणतात, कफ कानापर्यंत चढला आहे. खरं का?
– एक आजोबा, घंटाळी

आजोबा, कफ चढलेला नाही. कानाच्या बोळाच्या कातडीला व्हेगस नावाच्या नसेची एक फांदी येते. हीच नस घसा आणि श्वासनलिकेकडेही जाते. कानात टोचलं की मेंदूला वाटतं घशात काही गेलं, आणि खोकला येतो. म्हणजे कानकोरणं आत, नको तितक्या खोल जात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कानाला तुमच्या मदतीची गरज नाही, आणि याचं कारण मला स्वतःला आजही थक्क करतं. अंगावरची कातडी जिथल्या तिथे वाढून झडते. पडद्यावरची कातडी चालते. पडद्याच्या मध्याजवळ नवी कातडी तयार होते, कडेकडे सरकते, मग बोळातून बाहेर, साधारण नखाच्या वाढीच्या वेगानं. मळ तिच्यावर बसून बाहेर येतो. कानकोरणं आणि बड हा मळ परत आत ढकलतात. बाहेरून दिसेल तेवढाच कान टॉवेलच्या टोकानं पुसा. मळाचा खडा झाला, ऐकू कमी आलं, तर आमच्याकडून काढून घ्या. स्टेशनबाहेर बसणाऱ्यांकडून कृपा करून नको.

ही चालणारी कातडी लक्षात ठेवा. शेवटच्या पत्रात ती पुन्हा येणार आहे.

पत्र तिसरं

(हे पत्र नेरूळहून आलं. खाली सही नाही. भांडणात नवऱ्यानं कानशिलात मारली, तेव्हापासून डाव्या कानात शिट्टीसारखा आवाज येतो आणि बोललेलं लांबून आल्यासारखं वाटतं, असं लिहिलं आहे. प्रश्न एवढाच, की घरी काही घालता येईल का.)

ताई, कानात काहीही घालू नका. थेंब नाही, तेल नाही, पाणी नाही. नाक जोरात शिंकरू नका. उघड्या पंजाची चापट कानावर बसली की बोळातली हवा कोंडते आणि पडदा समोरून फाटतो. हा पडदा निरोगी होता, त्याच्यामागे पू नव्हता, म्हणून तो भरून येण्याची शक्यता खूप चांगली असते. बहुतेकांचा सहा-आठ आठवड्यांत भरतो, काहींना तीन महिने लागतात. पण तपासणी मात्र दोन-तीन दिवसांत करून घ्या आणि ऐकण्याची चाचणी करा. चक्कर येत असेल किंवा ऐकू येणं जवळजवळ बंद झालं असेल तर आजच जा, कारण तेव्हा धक्का आतल्या कानापर्यंत पोचलेला असू शकतो.

मारणाऱ्याचा बहुधा उजवा हात असतो, म्हणून बहुतेकदा डावा कान फाटतो. दवाखान्यात डाव्या पडद्याला ताजी चीर दिसली की मी सोबतच्या माणसाला बाहेर बसायला सांगते आणि बाईंना एकटीला विचारते. ‘दार लागलं’ असं सांगणाऱ्या कितीतरी जणी नंतर खरं बोलल्या. तुम्ही डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केसपेपरवर तेच लिहून घ्या. तो कागद जपून ठेवा. १८१ हा महिलांसाठी मदतीचा क्रमांक आहे, त्यावर केव्हाही फोन करता येतो. यात तुमची काही चूक नाही. पुढच्या पत्रात फक्त ‘कान तपासला’ एवढं जरी लिहिलंत तरी मला बरं वाटेल.

पत्र चौथं

मी प्राथमिक शिक्षिका आहे. तिसरीतला एक मुलगा यंदा एकदम मागे पडला. हाक मारली तर बघत नाही, श्रुतलेखनात शब्द भलतेच लिहितो, तोंड उघडं ठेवून बसतो. पालक म्हणतात, कान कधी दुखला नाही, वाहिला नाही, मुद्दाम करतो. मला तसं वाटत नाही.
– एक बाई, वर्तकनगर

बाई, तुम्हाला वाटतं ते बरोबर असावं. तोंड उघडं ठेवून बसतो, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला निदानाचा अंदाज करता येतो. त्याच्या नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढलेली असेल, त्यामुळे तो तोंडानं श्वास घेतो, आणि तीच गाठ नळीच्या तोंडाशी असते. मागच्या खोलीला हवा मिळत नाही. ज्यूसच्या पुड्यातून स्ट्रॉनं सगळं ओढून घेतलं की पुडा आत चेपतो, तसा पडदा आत ओढला जातो. पोकळीत हळूहळू पाणी झिरपतं आणि घट्ट होत डिंकासारखं होतं. इंग्रजीत याला ग्लू इअर म्हणतात ते त्या चिकटपणावरून. पू नाही, ताप नाही, दुखत नाही. पडदा शाबूत आहे, फक्त त्याला हलता येत नाही.

ऐकणं साधारण २५–३० डेसिबलनं कमी होतं. दोन्ही कानांत बोटं घालून तुमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून पाहा, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत असताना. मूल बहिरं नसतं, म्हणून कोणाला कळत नाही. ‘पान’ आणि ‘कान’ यांत त्याला फरक लागत नाही. त्याचं बरंवाईट दिवसागणिक बदलतंही, सर्दी कमी झाली की दोन दिवस छान ऐकतो, आणि मग घरचे म्हणतात, बघा, हवं तेव्हा ऐकतो.

पालकांना ऐकणं मोजणारी ऑडिओमेट्री आणि पडदा किती हलतो ते पाहणारी टिंपॅनोमेट्री या दोन चाचण्या करायला सांगा, दुखत नाहीत, सुई नाही. निदान पक्कं झालं तरी घाईनं ऑपरेशन करत नाहीत, कारण बऱ्याच मुलांचं पाणी आपोआप आटतं. साधारण तीन महिने वाट पाहतात, मग पुन्हा मोजतात. तेव्हाही ऐकणं कमीच असेल तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. नाकाची वाट बंद आहे म्हणून पडद्यातूनच हवेची वाट काढून द्यायची, एवढीच युक्ती. ती नळी सहसा सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते, ती बाहेर आणणारीही तीच चालणारी कातडी. अ‍ॅडिनॉइड फार मोठी असतील तर तीही त्याच वेळी काढतात.

तोवर त्याला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. बोलताना तुमचा चेहरा त्याच्याकडे असू द्या, फळ्याकडे वळून सांगितलेलं त्याला अर्धंच मिळतं. आणि आईवडिलांना एकदा शाळेत बोलवून तुम्ही सांगा. डॉक्टरांपेक्षा बाईंचं ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

पत्र पाचवं

मी १९ वर्षांची आहे. उजव्या पडद्याला लहानपणापासून छिद्र आहे, दोन वर्षांत कान वाहिला नाही. पोहायला शिकू का? आणि डिसेंबरमध्ये विमानानं जायचं आहे, चालेल?
– एक विद्यार्थिनी, बेलापूर

विमान चालेल. छिद्रातून दोन्हीकडची हवा सारखी होते, त्यामुळे तुझा तो कान शेजारच्या प्रवाशाच्या कानापेक्षा कमीच दुखेल. पोहणं सध्या नको. तलावाचं पाणी छिद्रातून सरळ मध्यकर्णात जातं आणि कोरडा कान पुन्हा वाहू लागतो. कान इतका काळ कोरडा आहे, वय योग्य आहे, तर पडदा शिवण्याचं ऑपरेशन, टिंपॅनोप्लास्टी, करून घेण्याचा विचार कर. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन नवा पडदा करतात. १९५०च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी हे शास्त्र उभं केलं, आता आपल्याकडे ते नेहमीचं झालं आहे. पडदा नीट लागला की पोहायला शीक. उपवनला फेरी मारताना पाणी पाहून मलाही वाटतं, प्रत्येकाला पोहता यावं.

पत्र सहावं

मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये माथाडी आहे, वय ४६. डावा कान पोरवयापासून वाहतो. जास्त नाही, पण वास मारतो, घरचे जवळ बसत नाहीत. दुखत अजिबात नाही. ऐकूही येतं. गावाकडं म्हणायचे, वाहता कान वाहू द्यावा, बंद केला तर घाण मेंदूत जाते. आता डॉक्टरांनी सिटी स्कॅन काढून हाड झिजलंय, ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. दुखत नसताना कानाचं हाड कापून घ्यायचं म्हणजे जिवावर येतं. डोक्यावर गोणी उचलणारा माणूस, महिनाभर घरी बसलो तर खायचं काय?
– एक माथाडी कामगार, कोपरखैरणे

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच आहे. पहिल्यांदा उत्तर सांगते, मग कारण. ऑपरेशन करून घ्या, आणि लवकर करून घ्या.

कान दुखत नाही याचा तुम्हाला धीर वाटतो. मला त्याचीच काळजी वाटते. पहिल्या पत्रातलं लेकरू रडलं कारण पू कोंडला होता. तुमच्या कानात काही कोंडलेलं नाही, वाट मोकळी आहे, म्हणून दुखत नाही. आणि वास. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत नुसता वाहणारा कान वेगळा आणि दुर्गंधी येणारा ‘पूतिकर्ण’ वेगळा. वाहणाऱ्या कानाला वास आहे की नाही, हे आम्हीही पहिल्यांदा विचारतो. पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागातल्या छिद्रातून कान वाहतो तो सहसा सर्दीत वाहतो, पातळ वाहतो, वास नसतो. तो त्रासदायक, पण त्या मानानं कमी धोक्याचा. तुमचा प्रकार दुसरा दिसतो.

पडद्याच्या अगदी वरच्या भागात एक छोटी जागा आहे जिथे मधल्या थराची वीण नीट नाही. तंतू आहेत पण सैल, विस्कळीत. हेन्री श्रॅपनेल नावाच्या इंग्रज डॉक्टरानं १८३२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. गोधडीचं अस्तर तिथे जन्मतःच विरळ. नळी वर्षानुवर्षं नीट उघडत नसली, मागे हवा कमी पडली, की पडदा आत ओढला जातो, आणि सगळ्यात आधी ओढली जाते ती ही जागा, किंवा तिच्या जवळचा मागचा-वरचा कोपरा. आधी खळगा होतो, मग खिसा.

आता घंटाळीच्या आजोबांना सांगितलेली चालणारी कातडी आठवा. ती एरवी बाहेर चालते. खिशात शिरली की तिला बाहेर पडायला तोंड पुरत नाही. आतल्या आत झडते, साचते, एकावर एक थर, तुमच्या शेजारच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. मोत्यासारखा पांढरा गोळा तयार होतो. त्याला कोलेस्टिअटोमा म्हणतात. १८३८ साली योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञानं दिलेलं हे नाव चुकीचं आहे, त्यात कोलेस्टेरॉलच्या गाठीसारखं काही नसतं, साधी कातडी असते. कॅन्सर तर नव्हेच, ही भीती असेल तर मनातून काढून टाका. पण ही साधी कातडी चुकीच्या जागी वाढली की भोवतालचं हाड झिजवते. पहिला बळी सहसा ऐरणीच्या लांब पायाचा जातो, कारण त्याला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो.

तुम्ही लिहिलंत, ऐकू येतं. हाड झिजूनही ऐकू येण्याचं एक फसवं कारण असतं. तो गोळाच तुटलेल्या हाडांच्या मध्ये पुलासारखा बसतो आणि आवाज पुढे नेतो. म्हणून आजचं ऐकणं हे कान ठीक असल्याचं प्रमाणपत्र धरू नका. ऑपरेशननंतर ऐकणं थोडं कमी होऊ शकतं, ते आधीच विचारून घ्या, म्हणजे नंतर डॉक्टरांनी कान बिघडवला असं वाटणार नाही.

गावाकडची समजूत पूर्ण खोटी नाही, पण उलटी आहे. कापसाचा बोळा दडपून वाहता कान बंद करू नये, हे खरं. पण घाण मेंदूकडे जाते ती कान बरा केल्यानं जात नाही, गोळा तसाच ठेवल्यानं जाते. मध्यकर्णाचं छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा, त्याच्या वर मेंदू. भिंतीतून चेहऱ्याची नस जाते. शेजारी तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाच्या नळ्या.

माझी आत्या चेंदणीला राहायची. तिचा कान वाहायचा. ती त्या कानाच्या बाजूला उशीवर जुन्या लुगड्याची घडी ठेवून झोपायची, रोज सकाळी ती घडी धुऊन वाळत घालायची. आम्हा मुलांना तो वास आत्याचाच वाटायचा, त्यात आजार असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. तिचं दुखत नव्हतंच कधी. एक दिवस सकाळी चहा पिताना तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळायला लागला. तोंड वाकडं झालं होतं, डोळा मिटत नव्हता. मग मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात धावपळ झाली. ऑपरेशन झालं, चेहरा बराचसा परत आला, त्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलंच. हे सगळं दहा वर्षं आधी झालं असतं तर कान वाचला असता. तुमच्या सिटी स्कॅनवर हाड झिजलेलं दिसतंय पण चेहरा सरळ आहे, चक्कर नाही. तुम्ही अजून चहाच्या त्या सकाळच्या अलीकडे आहात.

थेंब घालून वास आणि पाणी काही दिवस कमी होईल, गोळा जाणार नाही. तो काढावाच लागतो, कानामागच्या मॅस्टॉइड हाडातून जाऊन, सूक्ष्मदर्शकाखाली. हाड कापतात ते त्याच्यापर्यंत पोचायला. आमचा क्रम ठरलेला असतो. आधी जीव आणि चेहरा सुरक्षित, मग कान कोरडा, मग जमेल तितकं ऐकणं. कातडीचा एक कण राहिला तरी तो पुन्हा वाढतो, म्हणून कधी वर्षभरानं पुन्हा पाहावं लागतं, आणि नंतर वर्षानुवर्षं तपासणीला यावं लागतं. काहींना ऑपरेशननंतर जिभेवर काही दिवस लोखंडासारखी चव येते. पडद्याच्या मागून चवीची एक बारीक नस जाते, तिला धक्का लागतो म्हणून. ते बहुतेकदा निवळतं.

आता पोटाचा प्रश्न, तो खरा आहे. सर्जन सांगतील तितके आठवडे डोक्यावर ओझं चालणार नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. हे आधी सांगून टोळीतल्या लोकांशी बोलून ठेवा, शक्य असेल तर कामाचा जोर कमी असेल तो महिना निवडा, पण वर्ष पुढे ढकलू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, रेशनकार्ड, आधार आणि स्कॅनची फिल्म घेऊन आधी त्याला भेटा, मग ओपीडीच्या रांगेत लागा. माथाडी मंडळाकडून आजारपणात काय मिळतं तेही तुमच्या मुकादमाकडून समजून घ्या.

तारीख मिळेपर्यंत कान कोरडा ठेवा. मिरचीच्या गोण्या उतरवताना शिंका येत असतील तर नाकातोंडावर कापड बांधा, आणि नाकाची ॲलर्जी असेल तर तिचं औषध घ्या. तोंड वाकलं, गरगरलं, ताप येऊन डोकं फुटायला लागलं किंवा कानामागे सुजलं, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि स्कॅन सोबत न्या. आणि भाऊ, उजव्या कानाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. तोही याच नाकाशी जोडलेला आहे. डॉक्टरांना सांगून तो पडदाही दुर्बिणीखाली पाहून घ्या.